वरची खुर्ची रिकामी, तरी बढती नाही!

आपल्या सातारा-सांगलीकडे कोणाचा मुलगा नोकरीला लागला म्हणजे आपण दोनच प्रश्न विचारतो : पगार किती, आणि बढती केव्हा? मुलगा वैमानिक झाला असेल तर मात्र दुसरा प्रश्न कोणी विचारीतच नाही. विमान चालवणारा माणूस मुळातच वर गेलेला. त्याला आणखी कसली बढती हवी, असा आपला भाबडा हिशेब!

माझी सारी नोकरी साताऱ्याला एका कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली. दरवर्षी कच्ची ज्येष्ठता यादी लावायची, हरकती मागवायच्या, त्यांचा निकाल लावून पक्की यादी काढायची, हेच माझे काम. एका क्रमांकावरून दोन जिवलग मित्र वर्षभर बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. माझा सांगलीचा भाचा एका लहान विमान कंपनीत सहवैमानिक आहे. तो एकदा म्हणाला, ‘‘मामा, आमच्या ज्येष्ठतेची भानगड तुम्हालाच कळेल.’’ मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जे कळले ते ज्यांच्या घरी मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन आकाशाकडे पाहत आहे, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो.

शिडीच्या पायऱ्या

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना वयाची 18 वर्षे पुरी झाल्यावर आणि 200 तासांचे उड्डाण केल्यावर मिळू शकतो. तेवढ्याने नोकरी मिळत नाही. ज्या जातीचे विमान चालवायचे, त्याचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. हा सारा खर्च आज सहज 50 लाखांच्या पुढे जातो. आमच्या दाजींनी विश्रामबागेतले राहते घर बँकेकडे गहाण टाकले, आणि अक्काने आपल्या पाटल्या मोडल्या.

कोल्हापूरच्या उजळाईवाडीसारख्या विमानतळावर उतरणारे ‘एटीआर 72’ हे पंख्याचे विमान साधारण सत्तर उतारूंचे. कराडला कोयना प्रकल्पाच्या वेळची धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरलाही जुनी धावपट्टी आहे. पण आज तेथून प्रवासी विमान उडत नाही, म्हणून सांगलीकर कोल्हापूर गाठतो. या विमानात दोघे वैमानिक बसतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक. उजव्या खुर्चीवरून डाव्या खुर्चीवर जाणे ही यांच्या आयुष्यातली मोठी बढती. तिच्यासाठी वरचा परवाना लागतो, आणि त्याला 1,500 तास उड्डाण हवे. माझ्या भाच्याचे तास त्याच्या दुपटीच्या जवळ गेले आहेत. तो अजून उजवीकडेच बसतो.

तास आपले, क्रमांक कंपनीचा

याचे पहिले कारण असे की, त्याची पहिली कंपनी बंद पडली. दीड वर्ष घरी बसून त्याने दुसरी धरली. उड्डाणाचे तास त्याच्या वहीत होते, ते बरोबर आले. ज्येष्ठता मात्र जुन्या कंपनीबरोबर बुडाली. नव्या कंपनीत तो यादीच्या तळाशी. कॅप्टनपदाची पाळी, राहण्याचे गाव, रजा, सारे त्या क्रमांकावर. गेल्या सहा दिवाळ्यांत अक्काच्या घरी तो एकदाच फराळाला होता.

आमच्या कचेरीत एका जिल्ह्यातून दुसऱ्यात आपखुशीने बदली मागणाऱ्याची ज्येष्ठता जात असे, हे मला ठाऊक होते. पण तो माणूस स्वतः मागून जाई. येथे कंपनी आपल्या पायाने बुडते आणि शिक्षा नोकराला होते! भारतात हे काही विरळ नाही. किंगफिशरची विमाने 2012 साली जमिनीवर आली. 1993 पासून उडणाऱ्या जेट एअरवेजने 17 एप्रिल 2019 रोजी शेवटचे उड्डाण केले. त्याआधी कित्येक महिने तिच्या वैमानिकांना पगार मिळाला नव्हता. कोल्हापूरला येणाऱ्या ट्रूजेटची सेवाही 2022 साली थांबली.

उलटा न्याय

दुसरे कारण ऐकून मात्र मी पेन्सिल खाली ठेवली. कचेरीत हेडक्लार्क गेला की दुसऱ्या दिवशी सीनियर क्लार्ककडे चार्ज येतो. वरची जागा रिकामी झाली म्हणजे खालच्याच्या घरी पेढे. विमानात नेमके उलटे घडते.

मोठी कंपनी नवी जेट विमाने आणते आणि लहान कंपनीचे कॅप्टन जादा पगारावर उचलते. कॅप्टन नाही म्हणजे फेरी रद्द. फेरी रद्द म्हणजे सहवैमानिकाचेही उड्डाण रद्द, कारण तो एकटा विमान नेऊ शकत नाही. उड्डाण नाही तर तास वाढत नाहीत, आणि उड्डाणावर मिळणारा भत्ताही बुडतो. बरे, त्यालाच कॅप्टन करावे, तर शेजारी बसून शिकवायला प्रशिक्षक-कॅप्टन हवा. मोठ्या कंपनीने आधी नेलेला असतो तोच! अशा रीतीने वरच्या खुर्च्या रिकाम्या राहतात आणि खालचा माणूस खालीच राहतो. वर्तमानपत्रात ‘वैमानिकांचा तुटवडा’ वाचून आपण मुलाला परवाना काढायला धाडतो. पण तुटवडा असतो तो कॅप्टनचा. 2023 या एका वर्षात देशात 1,600 हून अधिक नवे परवाने दिले गेले. त्या साऱ्यांना उजवी खुर्ची तरी कोठून मिळावी?

माणसांचा हिशेब

एका विमानाला किती वैमानिक लागतात, हा हिशेब कोणालाही करता येईल. नियमाप्रमाणे वैमानिकाने वर्षात 1,000 तासांहून अधिक उडायचे नाही. विमान रोज 10 तास उडाले तर वर्षाचे 3,650 तास होतात. म्हणजे चार जोड्या तर नुसत्या आकड्यानेच लागल्या. रजा, आजारपण, परीक्षा धरता पाचवी जोडी हवीच. कंपनी काटकसरीने चार जोड्यांवर चालू लागली की एकाच्या तापाने कोल्हापूरची फेरी पडते, आणि विमानतळावर आपण त्या बिचाऱ्या काउंटरवरच्या मुलीला बोलतो.

हा प्रश्न फक्त लहान कंपन्यांचा नाही. वैमानिकांना आठवड्याची सलग विश्रांती 36 ऐवजी 48 तास द्यावी आणि रात्रीची उतरणी कमी करावी, हा नियम 2025 साली दोन टप्प्यांत लागू झाला. देशातील सर्वांत मोठ्या इंडिगो कंपनीची त्यासाठी पुरेशी तयारी नव्हती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या, आणि सरकारला काही सवलती तात्पुरत्या द्याव्या लागल्या.

जुनेच दुखणे

याद्यांचे हे भांडण आजचे नव्हे. 1953 साली राष्ट्रीयीकरणात आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हाही आठ घरची माणसे एका पंगतीला बसवायची होती. 2007 साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. कोणी कोणाच्या वर, हे ठरवण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. तिचा अहवाल येऊनही 2012 च्या मे महिन्यात एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला. नव्या ड्रीमलायनर विमानाचे शिक्षण कोणाला द्यायचे, हे निमित्त. आपली बढती मागे पडेल, ही खरी भीती. संप 58 दिवस चालला. पुढे 2024 साली विस्तारा कंपनी एअर इंडियात जाण्याच्या वेळीही नवे पगारपत्रक आणि ज्येष्ठता यांवरून वैमानिक अस्वस्थ झाले, आणि एप्रिलमध्ये शेकडो उतारू अडकून पडले.

अमेरिकेत याची फार मोठी किंमत मोजावी लागली. 12 फेब्रुवारी 2009 रोजी कोल्गन एअर या लहान कंपनीचे विमान बफेलो गावाजवळ कोसळून 50 माणसे दगावली. चौकशीत लहान कंपन्यांच्या वैमानिकांचा अपुरा पगार आणि अपुरी झोप यांची लक्तरे वेशीवर टांगली गेली. त्या विमानाची सहवैमानिक कामावर येण्यासाठी आदल्या रात्री देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला विमानातून आली होती. नंतर तेथे नियम कडक झाले आणि लहान कंपन्यांना पुढे पगार वाढवणे भाग पडले.

दोन्ही बाजू

कंपन्यांचीही बाजू आहे. त्या खर्च करून माणूस तयार करतात आणि तो शेजारी पळतो. 2023 साली अकासा या नव्या कंपनीचे 43 वैमानिक मुदत न भरता निघून गेले आणि प्रकरण कोर्टात गेले. 2017 पासून कॅप्टनला एक वर्षाची, तर सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पण दाराला कडी घातल्याने घर गोड होत नाही. यादी उघड लावा, हरकती ऐका, प्रशिक्षक-कॅप्टन राखून ठेवा, आणि पाळी केव्हा येईल ते माणसाला खरे सांगा. एवढे केले तरी निम्मी माणसे टिकतील. तीस वर्षे याद्या लिहून मी एवढेच शिकलो की, माणूस खालच्या क्रमांकाने खचत नाही, क्रमांक कळेनासा झाला म्हणजे खचतो.

आणि आईबापांना सांगणे असे : मुलाला उडायचे असेल तर जरूर उडू द्या. पण घर गहाण टाकण्यापूर्वी शाळेच्या चकचकीत माहितीपत्रकाबरोबर दोन गोष्टी विचारा. या शाळेतून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी किती जण खुर्चीवर बसले? आणि ज्या कंपनीत जायचे, तिथे सहवैमानिकाचा कॅप्टन व्हायला खरोखर किती वर्षे लागली? उत्तर गोलमोल आले, तर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक वर्ष थांबा. परवान्याला वयाची घाई नाही; हप्त्याला मात्र दर महिन्याची घाई असते.