वाट जमिनीपर्यंतची

वैशाख सरत आला आणि दुपारनंतर सह्याद्रीच्या बाजूने ढग उतरू लागले, की कोकणातील घरांत टीव्हीचा प्लग उपसून ठेवला जातो, आणि या सवयीला अडाणीपणा म्हणण्याचे काही कारण नाही. कारण भिंतीवरचे बटण बंद केल्याने फक्त फेजची तार तुटते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि बटणातील फटही जेमतेम काही मिलिमीटरची असते. मात्र फ्रिज, इन्व्हर्टर आणि विहिरीवरचा पंप दर गडगडाटाला सोडवून ठेवता येत नाहीत, म्हणून बंदोबस्त मीटरच्या बोर्डापाशीच करावा लागतो.

हा बंदोबस्त नेमका कशाचा, याबद्दल मात्र मोठा घोटाळा आहे. ‘लाईट जास्त आली’ या एकाच वाक्यात दोन वेगळ्या घटना सांगितल्या जातात. पहिली म्हणजे खरा सर्ज: जवळपास वीज पडली असता तारांमध्ये काही मायक्रोसेकंदांपुरता उसळणारा, हजारो व्होल्टपर्यंत जाणारा दाब. दुसरी म्हणजे डीपीकडून, म्हणजे रोहित्राकडून, येणारा न्यूट्रल तुटणे. असे झाले की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे ४०० व्होल्टमध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात, आणि दाबाची वाटणी उलट्या न्यायाने होते: एका घरात २००० वॅटचा गीझर आणि दुसऱ्यात केवळ २०० वॅटचे दिवे-पंखे चालू असतील, तर २३० ऐवजी सुमारे ३६० व्होल्ट त्या दुसऱ्या, बिचाऱ्या काटकसरी घराच्या वाट्याला येतात, आणि तेही लाईनवर कोणी येईपर्यंत.

बोर्डात बसवला जाणारा, वायरमन ज्याला ‘एसपीडी’ म्हणतात तो सर्ज प्रोटेक्टर, पहिल्या घटनेसाठी आहे. त्याच्या पोटात झिंक ऑक्साइडच्या कणांची भाजलेली चकती असते, जी नेहमीच्या दाबाला जवळजवळ काहीच वाहू देत नाही, परंतु दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की क्षणात वाहक बनून लोंढा जमिनीकडे वळवते. ३६० व्होल्ट सतत मिळत राहिले, तर मात्र हीच चकती तापून निकामी होते आणि डबीच्या खिडकीतील हिरवी पट्टी लाल होते. दुसऱ्या घटनेसाठी दाब मोजून पुरवठाच तोडणारे वेगळे उपकरण लागते, आणि ते न सांगता नुसता एसपीडी गळ्यात मारणे ही ग्राहकाची फसवणूकच म्हटली पाहिजे.

एसपीडी बसवण्याचे काम दिसायला क्षुल्लक असते: पट्टीवर डबी खटकन अडकवायची, तीन तारा सोलायच्या, स्क्रू आवळायचे. त्यातील कसब तारांच्या लांबीत आहे. बोर्ड नीटनेटका दिसावा म्हणून तारा कडेकडेने फिरवून काटकोनात वळवण्याची कारागिराला हौस असते, आणि एरवी ती कौतुकास्पदच. पण सर्जच्या वेगापुढे सरळ तारसुद्धा अडथळा ठरते. दर मायक्रोसेकंदाला १००० अँपिअरने चढणारा प्रवाह एक मीटर तारेतून जाताना तिच्या दोन टोकांमध्ये साधारण १००० व्होल्ट उभे करतो, आणि ते चकतीने रोखलेल्या दाबात भर घालतात. म्हणून फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थच्या पट्टीपर्यंत मिळून तार अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी, असा दंडक आहे. जाणता वायरमन त्यासाठी अर्थची पट्टीच उचलून डबीखाली आणतो.

पुढचे काम अंगणात. अर्थिंग म्हणजे घरातील तिसरी, हिरवी तार जमिनीशी जोडणे. कातळाच्या भागात पहार जांभ्यावर आपटून ठणठणते, आणि अडीच मीटरचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा पुरायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर घालतात. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीला वाहक बनवते. खड्डा झाला की फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभरचा बल्ब लावून ‘बघा, फुल पेटला’ असे दाखवले जाते. हा प्रकार धोक्याचा तर आहेच, शिवाय तो पुरावाही नव्हे. बल्बातून अर्धा अँपिअरही जात नाही, त्यामुळे जमिनीचा रोध ५ ओहम असो वा ५०, डोळ्याला प्रकाश सारखाच दिसतो. खरे माप अर्थ टेस्टरने, दोन खुंट्या अंतराने ठोकून घ्यावे लागते.

डिशच्या छत्रीसाठी किंवा इंटरनेटच्या डबीसाठी निराळा, ‘शुद्ध’ खड्डा खणण्याचा सल्लाही अधूनमधून ऐकू येतो, पण तो उलटा पडतो. लोंढा जमिनीत शिरताना १००० अँपिअर गुणिले ५ ओहम या हिशोबाने घराचा अर्थ ५००० व्होल्टने वर उचलला जातो. सर्व उपकरणे एकाच अर्थला जोडलेली असतील तर ती सगळी एकत्र वर जातात, पण न जोडलेल्या निराळ्या खड्ड्याचा अर्थ खालीच राहतो आणि मधल्या फरकाचा मार टीव्हीवर बसतो.

टेस्टरवरचा आकडाही ऋतूप्रमाणे हलतो. खड्ड्यात नुकतेच दोन बादल्या पाणी ओतून घेतलेले माप सुखावह असते, परंतु वळवाच्या पहिल्या विजा कडाडतात तेव्हा जमीन आठ महिन्यांची कोरडी असते. म्हणून जुने वायरमन पाइपाची जागा मीटरच्या जवळ, आणि जमल्यास न्हाणीचे पाणी जाते त्या केळीच्या आळ्यालगत निवडतात.