वाळूच्या देशात चिखलाचे टायर

दोहा कायमचे सोडून जाणाऱ्या कुणाची तरी मोठी गाडी बऱ्या दरात मिळते आणि आपल्या मंडळातले एखादे कुटुंब छोटी गाडी विकून ती घेते. प्राडो, पजेरो, पॅट्रोल, फॉर्च्युनर, नाव कुठलेही असो. मुले खूश होतात. महिन्याभरात लक्षात येते की टायर घासलेले आहेत. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "ऑल-टेरेन टाकू की मड-टेरेन?" घरातल्या मोठ्या मुलाचे मत मड-टेरेनकडे असते, कारण त्याने गाडी रुबाबदार दिसते. वडिलांना किमतीची काळजी असते. आईला कुणी विचारत नाही, पण शाळेच्या फेऱ्या बहुतेक वेळा तीच करते.

अल मन्सूरा, नजमा, बिन महमूद या भागांत राहणाऱ्या कुटुंबांनी या प्रश्नाला एक उलट प्रश्न करावा : आपली गाडी जाते कुठे? मेट्रोच्या हिरव्या मार्गाचे एक टोक डिसेंबर २०१९ पासून अल मन्सूराला आले आहे, तरी शाळा, किराणा, डॉक्टर यांसाठी गाडी निघतेच. काहीजण रोज रास लफ्फान किंवा दुखानला जातात. हिवाळ्यात महिन्यातून एखाद्या शुक्रवारी सीलाईनची वाळू. म्हणजे शंभरातले पंच्याण्णव किलोमीटर डांबरावरचे. हे मान्य केले की निम्मा प्रश्न सुटतो.

मड-टेरेन टायर नावाप्रमाणे चिखलासाठी बनवला जातो. त्याच्या नक्षीत मोठाले गट्टे असतात आणि गट्ट्यांमध्ये रुंद मोकळी जागा असते, म्हणजे चाक फिरताना चिखल त्यातून बाहेर फेकला जातो. आपल्याकडे कोकणात जुलैमध्ये भातखाचरांच्या कडेने जीप नेणाऱ्याला त्याचे मोल कळते. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेन फॉरेस्ट चॅलेंज नावाची गाड्यांची स्पर्धा सुरू झाली, तिथेही हेच टायर शोभतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. दोह्यात पडतो सरासरी पाऊणशेच्या आसपास. चिखल आणायचा कुठून?

"पण वाळू आहे ना!" असे लगेच ऐकू येते. गंमत अशी, की वाळूत हा टायर उलट वागतो. वाळूत गाडीने तरंगायचे असते, खणायचे नसते. जाड गट्टे वाळू उकरतात, ड्रायव्हरने जरा जास्त रेस दिली की चाक स्वतःसाठी खड्डा खोदते आणि गाडी पोटावर बसते. सौम्य नक्षीचा टायर, त्यातली हवा कमी केली की, पसरट आणि लांब होतो व गाडीचे वजन जास्त जागेवर वाटले जाते. साधारण १५ ते १८ पीएसआय हवा ठेवून लोक टेकड्या चढतात. खोर अल अदैदच्या वाटेवर रुतलेल्या गाड्यांना बाहेर काढताना आधी हवाच कमी करतात, नक्षी कुणी पाहत नाही. (एकट्या गाडीने तिकडे जाऊ नये, हे सांगायला नकोच.)

तेव्हा खरी निवड ऑल-टेरेन आणि मड-टेरेन यांच्यात नाहीच. तिसरा टायर असतो, हायवे-टेरेन, आणि पुष्कळ मोठ्या गाड्या कारखान्यातून त्याच्यावरच येतात. दुकानदार त्याचे नाव काढत नाही, कारण ते मागायला कुणी येत नाही. माझे मत स्पष्ट आहे : गाडी वाळूत वर्षातून चार-सहा वेळाच जात असेल तर हायवे-टेरेन पुरतो, हवा कमी केली की झाले. झेक्रीतसारख्या दगडगोट्यांच्या भागात वारंवार जाणे असेल, तर ऑल-टेरेन घ्यावा. त्याच्या बाजूच्या भिंती सहसा जाड असतात आणि धारदार दगडाने सहज फाटत नाहीत. त्यातही नक्षी जितकी सौम्य तितकी बरी. मड-टेरेन घेण्याचे कारण मला अल मन्सूरात तरी सापडलेले नाही.

रुबाबाची किंमत ब्रेक लावताना कळते. डांबरावर टायरचे जितके रबर टेकते तितकी पकड. गट्ट्यांमधली मोकळी जागा डांबरावर टेकत नाही, आणि उंच गट्टे ब्रेकखाली वाकतात. त्यामुळे मड-टेरेनवर गाडी थांबायला सहसा जास्त अंतर लागते, ओल्या रस्त्यावर आणखीच. दोह्यात पाऊस क्वचित पडतो म्हणूनच तो धोकादायक असतो. महिनोन्‌महिने साठलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीत रस्त्याचा साबण करतात. २० ऑक्टोबर २०१८ ला तर जवळपास वर्षभराचा पाऊस एका दिवसात झाला. भुयारी रस्त्यांत पाणी भरले की कुठलाच टायर कामाचा नाही, पण राउंडअबाउटवर समोरची गाडी अचानक थांबली तर दोन-तीन मीटरांचा फरक फार मोठा असतो.

आता पैशांकडे वळू. पेट्रोलचा हिशेब लोक आधी करतात, पण तो त्या मानाने लहान आहे. समजा वर्षाला २,००० लिटर पेट्रोल जळते आणि जड टायरमुळे पाच टक्के जास्त लागले, तर झाले १०० लिटर. लिटरला दोन रियाल धरले तर २०० रियाल. खरा खर्च झिजेत आहे. टायरची किंमत पाहू नका, दर हजार किलोमीटरला काय पडते ते पाहा. उदाहरणादाखल धरा : हायवे-टेरेनचे चार टायर १,८०० रियालना आणि ६०,००० किलोमीटर चालले, तर हजाराला ३० रियाल. ऑल-टेरेन २,२०० रियाल, ५०,००० किलोमीटर, हजाराला ४४. मड-टेरेन २,८०० रियाल, ४०,००० किलोमीटर, हजाराला ७०. हे आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत, आपल्या दुकानातले आकडे घालून पुन्हा करावा. रास लफ्फानला रोज ये-जा करणाऱ्याचे वर्षाला ४०,००० किलोमीटर सहज होतात. या हिशेबाने त्याला पहिल्या आणि तिसऱ्या टायरमध्ये वर्षाला १,६०० रियालचा फरक पडतो. गावी पाठवायच्या पैशांतला तो एक हप्ता आहे.

आवाजाचाही विचार व्हावा. मड-टेरेन डांबरावर घोंघावतो, आणि असमान झिजू लागला की जास्तच. १२० च्या वेगाने तासभर ती घरघर ऐकत कामावरून परतणारा माणूस अधिक दमलेला असतो, आणि दमलेला माणूस स्टिअरिंगवर पेंगतो.

मोठ्या मापाच्या टायरचा मोह अनेकांना पडतो. २६५/६५ आर १७ च्या जागी २८५/७० आर १७ बसवला तर चाकाचा व्यास सुमारे सात टक्के वाढतो. मीटर आधी अचूक असेल, तर तो १०० दाखवत असताना गाडी १०७ ने धावते आणि रडारला मीटरशी देणेघेणे नसते. इस्तिमारा नूतनीकरणाच्या तपासणीत मापावरून अडचण येऊ नये, म्हणून बदलण्यापूर्वी फाहेसमध्ये विचारून घ्यावे. मापाआधी 'एलटी' ही अक्षरे असतील तर तो हलक्या ट्रकचा टायर. तितकेच वजन पेलायला त्याला जास्त हवा लागते, आणि गाडी कडक लागते. पाठदुखी असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. गाडी चारही चाकांनी ओढणारी असेल तर चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच जातीचे हवेत. दोनच बदलून बचत करायला गेले तर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो.

उन्हाळ्यात मात्र कुठल्याही जातीच्या टायरचा खरा शत्रू कमी हवा आहे. हवा कमी असलेला टायर धावताना जास्त दबतो, आतून तापतो आणि जुलैच्या तापलेल्या डांबरावर फुटतो. वाळूतून परतताना सीलाईनच्या बाहेर हवा भरल्याशिवाय हायवेला लागू नये; "घरी जाऊन भरू" म्हणणारे बरेच भेटतात. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावी. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, म्हणून दुपारी वाढलेला आकडा पाहून हवा सोडू नये.

विकत घेताना टायरच्या भिंतीवर 'डॉट' नंतरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. गोदामात दोन वर्षे पडून राहिलेला टायर नव्याच्या किमतीत घेऊ नये. नक्षी शाबूत असली तरी रबर उन्हाने म्हातारे होते. अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षी बदल सुचवतात. आखातात मी स्वतः पाच वर्षांवर जात नाही. थोडे फिरणाऱ्यांचे टायर झिजण्याआधीच वयाने बाद होतात. जुनी गाडी घेतली असेल तर गाडीखाली वाकून स्टेपनीवरचेही चार आकडे वाचा. पुष्कळदा ती गाडीबरोबरच जन्मलेली असते, आणि तिची हवा पहिल्या मालकाने भरलेली.