काकांची तांबडी पेन्सिल

हिशेबनिसाच्या घरी दिवाळी कधी वेळेवर येत नाही. आधी लेखापरीक्षणाचे अहवाल, मग विवरणपत्रे, त्यात दर महिन्याच्या वीस तारखेचा जीएसटी. या सगळ्यातून मान वर करावी, तो शेजारी भाजणीचा वास सुटलेला असतो. आमच्या सौभाग्यवतींनी तर या माणसाकडे आकाशकंदिलाचे कामसुद्धा सोपवायचे नाही, असे फार वर्षांपूर्वीच ठरवून टाकले आहे. गेल्या वर्षी मात्र मी वसुबारसेला दुपारी चार वाजता घरी हजर झालो. दार उघडताच त्यांनी विचारले, "बरं नाही का वाटत?"

त्या चार वाजण्याची ही हकीकत.

आमचे कार्यालय पुण्यात, नारायण पेठेत. दोन खोल्या, चार उमेदवार, मी आणि काका. काका चौतीस वर्षांपूर्वी माझ्याकडे आले ते रोजकीर्द-खतावणी हाताने लिहीत. पुढे संगणक आला, टॅली आली, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला. काकांनी सारे पचवले. कानावरची तांबडी पेन्सिल तेवढी त्यांनी कधी खाली ठेवली नाही.

कन्या सनदी लेखापाल होऊन कार्यालयात आली आणि आठवड्याच्या आत म्हणाली, "बाबा, आपण आता कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला हवी."

"आधी आहे ती वापरून संपवू," मी म्हटले. पण मुलीपुढे कोणत्या बापाचे चालले आहे?

पहिली परीक्षा जुळणीची. वाचकहो, हे काम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दुकानदाराने खरेदीवर भरलेला कर त्याला वजा मिळतो, पण माल देणाऱ्याने ते बिल सरकारदरबारी दाखवलेले असेल तरच. सरकार दर महिन्याच्या चौदा तारखेला 'टू-बी' नावाची यादी देते. ती आणि आपली खरेदीवही बिलागणिक ताडून पाहायची. एकाने बिलाचा क्रमांक नुसता '४५' लिहिलेला, दुसरीकडे तोच '००४५/२४-२५'. कुठे पैशांचा फरक, कुठे तारखेचा. आमच्या एका हार्डवेअरवाल्या अशिलाची महिन्याला चौदाशे बिले. दोन उमेदवारांचे दोन दिवस त्यात जात. यंत्राने ते काम माझा चहा निवायच्या आत केले. न जुळलेली साठेक बिले कारणांसह वेगळी काढली आणि माल देणाऱ्यांना पाठवायची स्मरणपत्रेही लिहून दिली, ती माझ्या पत्रांपेक्षा बरीच गोड!

उमेदवार टाळ्या पिटत होते. काका मात्र उठून गॅलरीत गेले. संध्याकाळी सगळे गेल्यावर माझ्यापुढे उभे राहिले. "साहेब, मग आता मी काय करू?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या धाकट्या मुलाचे शिक्षण अजून चालू आहे, हे मला ठाऊक होते. त्या रात्री जेवण गेले नाही.

यंत्रानेच पुढचा मार्ग काढला, म्हणजे चुका करून. बिलांची छायाचित्रे दाखवली की ते नोंदी सुचवते. एका कापडवाल्याच्या कागदांत सभागृहाच्या भाड्याचे बिल होते. यंत्राने ते 'व्यवसायवृद्धी खर्च' म्हणून टाकले. कागदावर पाहता त्यात काही गैर दिसत नव्हते. काकांनी पेन्सिलीने फुली मारली. "अगं बाळ, हे त्यांच्या मुलीच्या लग्नाचं. मी स्वतः चार जिलब्या खाल्ल्यात तिथे."

दुसरी गोष्ट इतकी हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. एका अशिलाला आयकराची नोटीस आली होती. यंत्राने उत्तराचा मसुदा केला, भाषा अशी की वकिलाने टोपी काढावी. त्यात न्यायाधिकरणाच्या एका निकालाचा आधार होता. पक्षकारांची नावे, वर्ष, पृष्ठ सगळे होते. काका म्हणाले, "निकाल एकदा डोळ्यांनी बघू या." शोध शोध शोधला. असा निकालच नव्हता! २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात अशाच बनावट निकालांपायी वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला होता. आमचे पत्र तसेच गेले असते, तर खाली सही माझी होती. यंत्राला सनद नाही. जायची ती माझीच. तेव्हापासून कलमेही मूळ कायद्यातून पडताळतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा, त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा. कलमांचे आकडे बदलले, पण यंत्राने वाचलेले बरेचसे जुनेच.

आणखी एक पथ्य पाळतो. अशिलाचे नाव, पॅन, खातेक्रमांक खोडल्याखेरीज कागद यंत्रापुढे ठेवत नाही. अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर फोडणे १९४९ च्या आमच्या कायद्यानुसार गैरवर्तन ठरते. फुकटचे यंत्र दिलेले कागद कुठे नेऊन ठेवते, कोण जाणे.

मला खरी धास्ती आहे ती उमेदवारांची. काकांची नजर तयार झाली ती हजारो बिले हाताळून. उमेदवारी २०२३ पासून तीन वर्षांची दोन वर्षांवर आली, आणि आता टिका मारण्याचे कामही यंत्राकडे गेले. मग या पोरांची नजर कशी तयार व्हायची? म्हणून दर शनिवारी शंभर बिले यंत्रावाचून ताडायची, असा काकांचा वर्ग भरवतो. पोरे कुरकुरतात. काकांचा पगार मी वाढवला आहे. सौभाग्यवतींना ते अजून सांगितलेले नाही.

पाडव्याला वहीपूजन झाले. कन्येने पाटावर वहीशेजारी लॅपटॉप ठेवला. काकांनी वहीवर हळदकुंकू वाहिले, मग क्षणभर थांबून चिमूटभर लॅपटॉपवरही वाहिले.

"काका, बटणांत जाईल!" कन्या ओरडली.

"जाऊ दे," काका म्हणाले आणि पेन्सिल कानावरून काढून त्यांनी लॅपटॉपशेजारी ठेवली. पूजा आटोपताच पुन्हा कानावर. कुंकवाचे कण आमच्या शून्याच्या बटणाखाली अजून आहेत; शून्य दोनदा दाबावे लागते.