उसाची कांडी, चुन्याची निवळी

मे 2019. म्हसवडला माणगंगेचं पात्र कोरडं ठणठणीत होतं आणि पेठेत दुपारी चिटपाखरू नव्हतं. सगळी हालचाल होती ती चारा छावणीत. माणदेशी फाउंडेशनच्या या छावणीत हजारो जनावरं दावणीला, आणि त्यांच्यापायी माणसंही मुक्कामाला आलेली. घर, शाळा, म्हातारी माणसं सांभाळायला कोणी गावी, जनावरांपाशी कोणी इथे.

एका मावशींच्या शेडनेटखाली दुपारभर बसलो. दोन खिलार गाई, एक म्हैस, एक कालवड. वैरण म्हणजे बहुतेक ऊस, पाण्याच्या पट्ट्यातून आलेला. मोठ्या जनावराला दिवसाला 18 किलो, लहानाला 9. सरकारी अनुदान याच महिन्यात वाढून 100 आणि 50 रुपये झालेलं. पण मोळी डोक्यावरून आणून टाकली म्हणजे जनावर जेवलं असं नव्हे. खरं काम तिथून पुढे.

मावशींनी लाकडाचा ठोकळा पुढ्यात ओढला. डाव्या हातानं ऊस सरकवायचा, उजव्या हातातला कोयता पडत राहायचा. बोटाच्या पेराएवढं कांडकं, त्याहून मोठं नाही. लांब तुकडा राहिला तर जनावर रस चोखून चोथा टाकून देतं, आणि आजच्या दिवशी टाकून द्यायला काही नाही. थोरल्या गाईचे दात झिजलेले. तिच्या वाटणीची कांडी मावशी उभी चिरत होत्या. हात थांबले की म्हैस रेकायची.

मग चुन्याची निवळी. कळीचा चुना रात्री पाण्यात भिजत घातलेला. तळाचा गाळ न ढवळता वरचं नितळ पाणी तेवढं त्यांनी हलक्या हातानं उसाच्या शेंड्याकडच्या वाढ्यांवर शिंपडलं. उसाच्या वाढ्यांमध्ये ऑक्झलेट असतं. ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून ही भर घालायची.

“नुसत्या उसावर जनावर टिकत न्हाई, बाबा,” मावशी म्हणाल्या. “हाडं ठिसूळ हुत्यात.”

दुष्काळात शेतकरी रिकामा बसतो, असं शहरात सर्रास बोललं जातं. असं बोलणाऱ्यांनी ही दुपार पाहायला हवी होती. पीक नसलं तरी राबणं चुकत नाही. उलट, घरचा कडबा संपल्यावर एकेक जनावर जगवणं हेच पूर्ण दिवसाचं काम होतं.

हे काम पहिल्या पावसानं संपत नाही. तरी पाऊस सुरू झाला की छावण्या बंद करायची घाई होते, आणि ती चुकीची आहे. मृगात बाजरी पेरली तरी सरमाड हाती यायला भाद्रपद उजाडतो. माळावरचं गवत तोंडात धरण्याजोगं व्हायलाही महिना तरी लागतो. तेवढ्या दिवसांच्या वैरणीपायी जनावरं व्यापाऱ्याच्या दावणीला जातात, आणि मग ऐन पेरणीत बैल भाड्यानं शोधायची पाळी येते.

मावशींचा हिशेब झालेला होता. “गवत येईस्तवर छावणी ऱ्हायली, तर कालवड इकायची न्हाई. औंदा गाभण ऱ्हाईल ती,” असं म्हणत त्यांनी पुढचा ऊस ठोकळ्यावर घेतला.