एक संध्याकाळ मुलींची, पळापळ मुलांची

‘माझ्याबरोबर नाचाला येशील का?’ हा प्रश्न विचारण्याचा मक्ता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील महाविद्यालयांमध्ये मुलांकडेच होता. मुलीने वाट पाहायची, विचारणा झाली तर होकार वा नकार द्यायचा आणि न झाल्यास मैत्रिणीच्या पोशाखाचे कौतुक करून खोलीत परतायचे, असा शिरस्ता होता. वर्षातून एका संध्याकाळी तरी तो उलटा करण्याचे पुण्य कोणा समाजसुधारकाच्या खात्यावर नाही. ते एका व्यंगचित्रकाराच्या नावे जमा आहे.

अल कॅप हा तो व्यंगचित्रकार. त्याची ‘लिल ॲबनर’ ही चित्रमालिका १९३४ पासून वृत्तपत्रांत प्रसिद्ध होऊ लागली. डॉगपॅच या काल्पनिक डोंगराळ खेड्यातील अडाणी, पण इरसाल मंडळींची ही कथा. नोव्हेंबर १९३७ मध्ये कॅपने त्यात सॅडी हॉकिन्सची हकिकत आणली. सॅडी पस्तिशीला पोहोचली, तरी तिचे लग्न जमेना. उपवर कन्येच्या चिंतेने बेजार झालेल्या तिच्या वडिलांनी गावातील तमाम अविवाहित पुरुषांना एका रांगेत उभे केले. बंदुकीचा पहिला बार होताच पुरुषांनी धूम ठोकायची, दुसऱ्या बाराला सॅडीने त्यांच्यामागे धावायचे. जो हाती लागेल, तो जावई! आपल्याकडच्या स्वयंवरात राजपुत्र दूरदूरहून येत. इथे नवरदेव जीव मुठीत धरून दूरदूर पळत होते. ही शर्यत गावातील इतर कुमारिकांना इतकी पसंत पडली, की तो वार्षिक उत्सवच ठरला.

कॅपच्या दृष्टीने हा एक विनोद होता. महाविद्यालयीन तरुणींनी मात्र तो गांभीर्याने घेतला. ‘लाइफ’ साप्ताहिकाने डिसेंबर १९३९ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, अवघ्या दोन वर्षांत २०१ महाविद्यालयांत ‘सॅडी हॉकिन्स दिन’ साजरा होऊ लागला होता. ठिगळे लावलेले कपडे घालून डॉगपॅचवासी व्हायचे, मुलींनी मुलांना निमंत्रण द्यायचे, आणायला जायचे आणि खर्चही करायचा. एरवी मुलगा मुलीसाठी फुलांचा गुच्छ आणी. आता मुली मुलांच्या कोटावर गाजर, मुळा, कांद्याचे गुच्छ अडकवू लागल्या. नाच रंगला नाही, तर निदान कोशिंबिरीची सोय!

गंमतीचा भाग सोडला, तर या उलटापालटीत दोन्ही बाजूंना एक धडा होता. आपल्याला कोणी विचारील की नाही, ही धाकधूक मुलांनी अनुभवली. नकार पचवायला काय लागते आणि खिशाला किती चाट बसते, हे मुलींना कळले. पण या थट्टेला एक बोचरी कडाही होती. पस्तिशीची अविवाहित स्त्री हीच मुळात हसण्याची गोष्ट मानली गेली होती. शिवाय एका दिवसाची मुभा म्हणजे उरलेल्या ३६४ दिवसांची मनाईच.

कथेतला देखणा ॲबनर दरवर्षी डेझी मेच्या हातून निसटत राहिला; अखेर १९५२ मध्ये कॅपने त्यांचे लग्न लावून दिले. चित्रमालिका १९७७ मध्ये थांबली, पण नाच टिकला. कुठे तो ‘टोलो’ झाला, तर कुठे ‘प्रॉम’ हा शब्द उलटा वाचून ‘मॉर्प’. सॅडी कोण, हे ठाऊक नसलेल्या पिढ्याही त्यात नाचल्या.

पुढे मुली कोणत्याही दिवशी, कोणत्याही मुहूर्ताविना विचारू लागल्या आणि या प्रथेतला थरार ओसरला. काही शाळांनी तिचे नाव बदलले, काहींनी ती बंदच केली. एखादी परंपरा निरुपयोगी ठरणे हेच कधीकधी तिचे यश असते. सॅडीला आता धावावे लागत नाही. पुरुषांनीही पळणे थांबवले आहे का, एवढेच पाहायचे.