विश्लेषण : खाशाबा जाधव की गणपतराव आंदळकर? ५७ किलोचे पदक आणि हिंदकेसरीची गदा एकाच तराजूत कशी तोलायची?

एकाने ऑलिम्पिक पदक आणले, दुसऱ्याने हिंदकेसरीची गदा. एकाचे वजन ५७ किलोच्या आत, दुसरा खुल्या गटातला धिप्पाड मल्ल. महाराष्ट्राच्या कुस्तीतील या दोन थोर नावांपैकी मोठे कोण, हा वाद तालमीपासून मोबाइलवरच्या चर्चेपर्यंत कायम रंगतो. १५ जानेवारी २०२६ रोजी खाशाबा जाधव यांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने हा वाद नेमका कशाचा आहे आणि आजच्या खेळाडूंशी त्याचा काय संबंध आहे, याचा आढावा.

खाशाबांनी नेमके काय मिळवले?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. घरातच कुस्ती होती. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकताना त्यांचा खेळ बहरला. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते ५२ किलो वजनी गटात सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरील कुस्तीचे नियम तिथे खऱ्या अर्थाने समजले.

चार वर्षांनी हेलसिंकीला ते ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. त्यांना हरवणारे दोघेच होते. जपानचे शोहाची इशी यांना सुवर्ण मिळाले आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव्ह यांना रौप्य. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर टेनिसपटू लिअँडर पेसने १९९६ मध्ये कांस्य जिंकेपर्यंत, म्हणजे ४४ वर्षे, दुसरा भारतीय खेळाडू वैयक्तिक पदकापर्यंत पोहोचला नाही.

हेलसिंकीचा प्रवास लोकांच्या मदतीवर झाला. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने घेऊन ते कर्ज फेडले. कराडला त्यांची शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मात्र सत्कार ओसरले आणि नोकरीसाठी त्यांना १९५५ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी ते पोलीस उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

आंदळकरांचे मोठेपण कशात?

गणपतराव आंदळकर यांचा जन्म १९३५चा, सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातल्या पुनवत गावचा. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत ते घडले. १९६० मध्ये ते हिंदकेसरी झाले. त्या काळी पंजाबच्या मल्लांचा देशभर दरारा होता. त्यांच्याशी आंदळकरांच्या झालेल्या लढतींचे किस्से कोल्हापूर-सांगली पट्ट्यात आजही सांगितले जातात.

आंदळकर केवळ मातीतले मल्ल होते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सर्वांत वजनदार गटात ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकले. ग्रीको-रोमनमध्ये प्रतिस्पर्ध्याला कमरेखाली धरता येत नाही, पायांचा वापर करून डाव टाकता येत नाही. पट काढणे हा ज्या मातीचा श्वास, तिथल्या मल्लाने अशा प्रकारात आशियात पहिले यावे, ही मोठी गोष्ट होती. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्येही ते खेळले. अर्जुन पुरस्कार त्यांना साठच्या दशकातच मिळाला.

लंगोट उतरवल्यानंतर ते वस्ताद झाले. दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले आणि १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकलेले दादू चौगुले मोतीबागेत त्यांच्याच नजरेखाली तयार झाले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात आंदळकरांचे निधन झाले.

वजनी गट लागतातच कशाला?

शरीर मोठे होते तसे बळ वाढते, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. स्नायूची ताकद त्याच्या जाडीच्या छेदावर अवलंबून असते, तर वजन संपूर्ण आकारमानावर. म्हणून लहान चणीचा मल्ल स्वतःच्या वजनाच्या तुलनेत अधिक बलवान आणि चपळ असतो. पण समोरासमोर आल्यावर ५७ किलोच्या मल्लाला ११० किलोचे ओझे पेलावे लागते. तिथे कौशल्य अपुरे पडते आणि जिवाला धोकाही वाढतो. दोघांचे वजन सारखे असेल तरच हार-जीत कौशल्याची, असे वजनी गटांचे साधे सूत्र आहे.

हे सूत्र किती कठोर असू शकते, ते २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दिसले. ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचलेली विनेश फोगट सकाळच्या वजनात १०० ग्रॅमने जास्त भरली आणि थेट स्पर्धेबाहेर गेली.

मग वेगवेगळ्या गटांतील विजेत्यांची तुलना कशी करतात?

वेटलिफ्टिंगमध्ये त्यासाठी सिंक्लेअर गुणांक नावाचे गणित आहे. खेळाडूचे वजन आणि त्याने उचललेला भार यांवरून वेगवेगळ्या गटांतील कामगिरी एका पातळीवर आणता येते. कुस्ती आणि बॉक्सिंगमध्ये हे जमत नाही. लोखंडी सळई डाव टाकत नाही, प्रतिस्पर्धी टाकतो.

बॉक्सिंगने यावर ‘पाउंड फॉर पाउंड’ ही कल्पना रुळवली. सगळ्यांचे वजन सारखे असते तर सर्वांत सरस कोण, असा हा काल्पनिक प्रश्न. अमेरिकेच्या शुगर रे रॉबिन्सनच्या काळात तो विशेष लोकप्रिय झाला. रॉबिन्सन वेल्टरवेट आणि मिडलवेट या दोन गटांत जगज्जेता झाला. खाशाबा हेलसिंकीला होते त्याच उन्हाळ्यात, जून १९५२ मध्ये, तो आणखी वरच्या गटात जोई मॅक्झिमशी लढला. गुणांवर पुढे असताना न्यूयॉर्कच्या उकाड्याने त्याला लढत सोडावी लागली. हेवीवेट गटात तीनदा जगज्जेता झालेला महंमद अली जगभर अधिक प्रसिद्ध. पण खुद्द अली रॉबिन्सनला आपला आदर्श मानत असे. ठोशांची ताकद आणि खेळातील थोरवी या वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाणकारांना तेव्हाच पटले होते.

मेरी कोमचे उदाहरण घरचे आहे. तिची सहाही जागतिक विजेतेपदे ४८ किलो किंवा त्याहून खालच्या गटांतली. २०१२ मध्ये महिला बॉक्सिंग प्रथमच ऑलिम्पिकमध्ये आले, तेव्हा सर्वांत हलका गट ५१ किलोचा होता. तिला वजन वाढवून, अंगाने मोठ्या मुलींशी लढावे लागले. तरी तिने कांस्य आणले. खेळाडूचा वारसा त्याच्या मुठीइतकाच तक्त्यात त्याच्यासाठी रकाना आहे की नाही, यावरही ठरतो.

महाराष्ट्रात जड मल्लाचाच मान का?

याचे मूळ मैदानी कुस्तीच्या परंपरेत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. जत्रा-यात्रांच्या फडांत शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती जोडीतल्या दांडग्या मल्लांची असते. लोक तिच्यासाठी थांबतात. हलक्या वजनाच्या कुस्त्या दुपारीच उरकलेल्या असतात.

हिंदकेसरी आणि १९६१ पासून सुरू झालेला महाराष्ट्र केसरी हे किताब याच परंपरेतून आले. महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि त्यांच्या विजेत्यांमध्ये गदेसाठी लढत होते. मात्र या गटात उतरण्यासाठी किमान ८६ किलो वजन लागते. त्याच अधिवेशनात ५७ किलोपासूनचे इतर गटही खेळवले जातात, पण त्यांच्या विजेत्यांची नावे फारशी कुणाला आठवत नाहीत.

याचा सरळ अर्थ असा, की ऐन भरातले खाशाबा आजच्या महाराष्ट्र केसरीच्या मुख्य गटात उभेच राहू शकले नसते.

दोघांना मिळालेल्या सन्मानात फरक का पडला?

आंदळकरांना उमेदीच्या काळात अर्जुन पुरस्कार मिळाला. खाशाबांना तो निधनानंतर सोळा-सतरा वर्षांनी जाहीर झाला. हा निव्वळ वजनाचा भेदभाव म्हणणे अन्यायाचे ठरेल. अर्जुन पुरस्कार सुरूच १९६१ मध्ये झाला. तोवर खाशाबांची कारकीर्द संपली होती. पण पुढची चाळीस वर्षे ही चूक दुरुस्त करण्याची कुणाला घाई वाटली नाही, हेही खरे. दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले. महाराष्ट्र सरकारने १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरवला. पद्म पुरस्काराची मागणी मात्र कुटुंबीय आणि कुस्तीप्रेमी वर्षानुवर्षे करत आहेत.

दुसरे कारण दृश्यतेचे. आंदळकरांच्या कुस्त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. खाशाबांचा सर्वोच्च क्षण हजारो किलोमीटर दूर घडला. त्या काळी टीव्ही नव्हता. गावाने पाहिले ते मिरवणुकीतले खाशाबा. मॅटवरचे खाशाबा फार थोड्यांना दिसले.

मग कोणाचा वारसा मोठा?

चार कसोट्या लावून पाहता येते.

*प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा :* येथे खाशाबा पुढे. ऑलिम्पिकमध्ये जगातले उत्तम मल्ल असतात आणि त्यांना हरवणारे दोघे पहिल्या दोन क्रमांकांवर आले.

*कामगिरीचा विस्तार :* येथे आंदळकर सरस. माती आणि मॅट, फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन, देशी किताब आणि आशियाई सुवर्ण असा पल्ला फार थोड्यांनी गाठला.

*शिष्यपरंपरा :* येथेही आंदळकर. त्यांनी तालीम राखली, मल्ल घडवले. खाशाबांचे आयुष्य पोलिसांच्या नोकरीत गेले आणि त्यांच्या अनुभवाचा राज्याने पुरेसा उपयोग करून घेतला नाही.

*पुढच्यांसाठी दाखवलेली वाट :* ही कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि येथे आकडे बोलके आहेत. भारताला कुस्तीत आतापर्यंत ८ ऑलिम्पिक पदके मिळाली. खाशाबांनंतर सुशील कुमार (दोन), योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया आणि अमन सेहरावत. यातील एकही पदक ६६ किलोच्या वरच्या गटातले नाही. तीन पदके तर नेमक्या ५७ किलो गटातली आहेत : खाशाबा १९५२, रवी दहिया २०२१ मध्ये झालेले टोकियो ऑलिम्पिक आणि अमन सेहरावत २०२४.

म्हणजे खाशाबांनी दाखवलेली वाट बरोबर होती. तिच्यावरून पुढे मुख्यतः हरियाणा-दिल्लीचे मल्ल चालले. कुस्तीत महाराष्ट्राच्या वाट्याला खाशाबांनंतर ऑलिम्पिक पदक आलेले नाही. राज्याच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ते मिळवले, तेही नेमबाजीत.

आजच्या खेळाडूसाठी याचा अर्थ काय?

वसईच्या माणिकपूरमध्ये राहणारा १६ वर्षांचा, ५५ किलोचा एखादा मुलगा कुस्ती किंवा बॉक्सिंगकडे वळतो असे समजा. त्याच्यापुढे दोन चित्रे असतात. एक गदा खांद्यावर घेतलेल्या महाकाय मल्लाचे, दुसरे जुन्या छायाचित्रातल्या सडपातळ खाशाबांचे. ‘खाऊन-पिऊन अंग वाढव, मगच पैलवान’ हा सल्ला त्याला सगळीकडून मिळतो. शरीराची ठेवण हलक्या गटाची असताना जबरदस्तीने वजन वाढवणारे अनेक मुलगे दोन्हीकडून जातात. जड गटात ते कमी पडतात आणि हलक्या गटाची चपळाई गमावून बसतात.

पालकांनी आणि प्रशिक्षकांनी पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. मुलाची उंची आणि हाडांची ठेवण कोणत्या गटाला मानवते? वाढीच्या वयात वजन घटवण्यासाठी पाणी तोडणे, उपाशी राहणे असे प्रकार होत नाहीत ना? मातीबरोबर मॅटचा सराव मिळतो का? आणि त्याच्या गटातल्या स्पर्धा वर्षभर होतात का? यातील शेवटचा प्रश्न संघटनांसाठी आहे. ५७ किलोच्या विजेत्याला केसरी गटाच्या तुलनेत नगण्य बक्षीस आणि नगण्य प्रसिद्धी मिळत राहिली, तर गुणी मुले वजनाच्या मागे धावणारच.

आंदळकरांची गदा महाराष्ट्राने मनापासून जपली, आणि ते योग्यच झाले. खाशाबांना स्टेडियमचे नाव आणि क्रीडा दिन मिळाला. त्यांच्या वजनाच्या मल्लाला मैदानात शेवटच्या कुस्तीचा मान अजून मिळायचा आहे.