मॉरिशसमधील गिरमिटिया पूर्वजांचा वंशशोध

मॉरिशसमधील गिरमिटिया पूर्वजांचा वंशशोध म्हणजे ब्रिटिश राजवटीत करारबद्ध मजूर म्हणून भारतातून मॉरिशस बेटावर गेलेल्या स्त्री-पुरुषांची मूळ नावे, गावे व कुटुंबे अभिलेखांच्या आधारे निश्चित करण्याचे काम होय. 'ॲग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचा मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' असा अपभ्रंश झाला व त्यावरून 'गिरमिटिया' ही संज्ञा रूढ झाली. मॉरिशसच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक बहुसंख्य असून त्यांत मराठी समाजाचाही समावेश होतो. या समाजाचे पूर्वज प्रामुख्याने कोकणातील, विशेषतः तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील होते व ते मुंबई बंदरातून गेले.

पार्श्वभूमी

इ.स. १८१० मध्ये ब्रिटिशांनी मॉरिशस फ्रेंचांकडून जिंकून घेतले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली आणि उसाच्या मळ्यांसाठी नव्या मजुरांची गरज निर्माण झाली. त्याच्या काही महिने आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'ॲटलस' हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई येथे पोहोचले होते. मॉरिशसमध्ये हा दिवस आजही गिरमिटिया मजुरांचा आगमन दिन म्हणून पाळला जातो. मजुरांच्या फसवणुकीच्या व छळाच्या तक्रारींमुळे १८३९ मध्ये ही वाहतूक थांबविण्यात आली. १८४२ मध्ये सरकारी देखरेखीच्या अटीवर तिला पुन्हा परवानगी मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पाच लाख लोक मॉरिशसच्या किनाऱ्यावर उतरले. ते जेथे उतरत ती पोर्ट लुई येथील वास्तू पूर्वी 'कुली घाट' म्हणून ओळखली जाई. आता तिला 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ मध्ये तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

बहुसंख्य मजूर कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईचा वाटा त्यामानाने लहान होता आणि तोही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एकवटलेला होता. वंशशोधाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची ठरते. मॉरिशसमधील मराठी कुटुंबाचा मूळ पुरुष पुष्कळदा सहा-सात पिढ्या मागे असतो आणि त्याच्याविषयीची तोंडी आठवण 'रत्नागिरीहून आले' एवढ्यावर येऊन थांबते.

आप्रवासी क्रमांक व नोंदवह्या

मॉरिशसमध्ये उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिला जाई. हा क्रमांक त्याच्या जन्मभराच्या सर्व सरकारी कागदांवर येत असे: मळ्याशी झालेल्या करारावर, परवान्यावर, तक्रार अर्जावर आणि अखेरीस मृत्यूच्या नोंदीवरही. एकाच नावाची शेकडो माणसे असली तरी क्रमांक एकाचाच असतो. म्हणून शोधाची खरी किल्ली नाव ही नसून क्रमांक ही आहे. घरात जुना परवाना किंवा करारपत्र जपून ठेवलेले असेल, तर काही महिन्यांचे काम थोड्या वेळात होऊ शकते.

या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या भारतीय आप्रवासन अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. त्यांत सामान्यतः मजुराचे नाव, वडिलांचे किंवा आईचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव, अंगावरील खुणा, जहाजाचे नाव व आगमनाची तारीख आढळते. नोंदींचा तपशील मात्र सर्वत्र सारखा नाही. आरंभीच्या वर्षांतील नोंदी त्रोटक आहेत व पुढील काळात त्या अधिक भरल्या गेल्या. स्त्रियांनाही स्वतंत्र क्रमांक मिळत असल्याने आजीच्या बाजूचा शोधही घेता येतो. वंशावळी पुरुषांच्याच नावाने लिहिण्याच्या सवयीमुळे ही सोय पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

हे सर्व लेखन पूर्वजांची स्मृती राखण्यासाठी झालेले नव्हते. मजूर मळा सोडून गेला तर तो ओळखता यावा, हा त्यामागील हेतू होता. १८६७ च्या कायद्यान्वये कराराची मुदत संपलेल्या 'जुन्या आप्रवाशां'ना स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे बंधनकारक झाले. तो जवळ नसेल तर भटका म्हणून अटक होई. या जाचाविरुद्ध ॲडॉल्फ द प्लेव्हित्झ या मळेमालकाने १८७१ मध्ये तयार केलेल्या अर्जावर नऊ हजारांहून अधिक भारतीयांनी आपली नावे घातली आणि पुढे चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले. त्याच जाचक परवान्यांमुळे आज हजारो माणसांचे चेहरे उपलब्ध आहेत. मुंबईहून गेलेले बरेच मजूर छायाचित्रणाची पद्धत सुरू होण्यापूर्वी मॉरिशसला पोहोचले असले, तरी १८६७ नंतर हयात असलेल्या व करारमुक्त झालेल्या व्यक्तीचे छायाचित्र परवान्याच्या नोंदींत सापडण्याची शक्यता असते. त्यामुळे केवळ आगमनाचे वर्ष पाहून हा शोध सोडून देणे योग्य नव्हे.

नावांची अडचण

नोंद करणारा कारकून इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाने लिहिणारा, सांगणारा कोकणातील कुणबी किंवा महार, आणि मध्ये दुभाषा, अशा तीन तोंडांतून नाव कागदावर उतरले. रोमन लिपीत 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न', 'ठ' आणि 'ट' यांतील भेद नाहीसे झाले. फ्रेंच वळणाच्या लेखनाने स्वरही बदलले. एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले आढळणे नित्याचे आहे. त्यामुळे अनुभवी संशोधक लिहिलेल्या अक्षरांऐवजी उच्चारावर भर देतात व नाव मोठ्याने वाचून पाहतात.

मजुराचे बहुधा एकच नाव नोंदले जाई. मुलांच्या जन्मनोंदीत वडिलांचे नाव आडनावाच्या जागी आले आणि पुढील पिढ्यांत तेच कायम झाले. येसू, धोंडू, म्हादू यांसारखी कोकणातील घरगुती नावे अशा रीतीने मॉरिशसमध्ये आडनावे बनली. महाराष्ट्रातील वाचकाला येथे एक चकवा संभवतो: अशा आडनावाचे कुटुंब कोकणात शोधून सापडत नाही, कारण ते मुळात आडनाव नव्हतेच. त्यात केवळ धार्मिक विधीने झालेल्या विवाहांना मॉरिशसमध्ये दीर्घकाळ दिवाणी मान्यता नसल्याने काही मुलांच्या जन्मनोंदी आईच्या नावाने झाल्या. सख्ख्या भावंडांची आडनावे भिन्न असण्याचे एक कारण हेही आहे.

शोधाची दिशा

वंशशोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे करावा लागतो. प्रथम मॉरिशसच्या नागरी नोंदणी कार्यालयातून जन्म, विवाह व मृत्यू यांचे दाखले घेत एकेक पिढी मागे जावे लागते. भारतात जन्मलेल्या व्यक्तीच्या दाखल्यापर्यंत पोहोचल्यावर तिचा क्रमांक हाती लागतो व तेथून आप्रवासन अभिलेखांकडे वळता येते. अधली पिढी गाळून थेट जहाजाच्या यादीत ओळखीचे नाव शोधणाऱ्यांच्या हाती पुष्कळदा भलताच पूर्वज लागतो.

गावाचे नाव मिळाले तरी काम संपत नाही. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. मालवण, देवगड, वेंगुर्ले हे तालुके त्यात मोडत आणि १९८१ मध्ये ते नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेले. सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. 'कुलाबा' असा उल्लेख असल्यास तो आजचा रायगड जिल्हा होय. खेड नावाचे तालुके रत्नागिरीत आहे तसेच पुणे जिल्ह्यातही आहे. पाली व नांदगाव ही गावे तर कोकणात एकाहून अधिक ठिकाणी आढळतात. म्हणून परगण्याचा किंवा शेजारच्या गावाचा उल्लेख असल्यास तो प्रथम पाहावा.

महाराष्ट्रातील कागदपत्रांची बाजू दुबळी आहे व त्याचे कारण खोतीत आहे. खोती गावांत सरकारचा व्यवहार खोताशी असे. जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव सरकारी दप्तरात येण्याचे कारण क्वचितच पडे. १८८० च्या खोती कायद्यानंतर कुळांची नोंद असलेली बोटखते तयार झाली, परंतु तोवर मॉरिशसला गेलेला माणूस गाव सोडून कित्येक वर्षे लोटली होती. गाव नमुना १४, म्हणजेच कोतवाल बुक या नावाने ओळखली जाणारी जन्ममृत्यूची नोंदवही, हीदेखील बहुधा मागे राहिलेल्या भावकीचाच पत्ता देते. मुंबई सरकारचा परदेशगमनविषयक पत्रव्यवहार मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात पाहता येतो. मात्र तो धोरणाविषयी अधिक व व्यक्तींविषयी कमी बोलतो.

कागदाबाहेरचे पुरावेही विचारात घेतले जातात. मॉरिशसच्या मराठी समाजात 'झाकरी' या नावाने टिकलेले नृत्य कोकणातील जाखडीशी नाते सांगते. गोंधळाची परंपराही तेथे आहे. यांवरून प्रदेश ओळखता येतो, घर नव्हे. कुलदैवताचे किंवा ग्रामदैवताचे नाव कुटुंबात टिकले असेल, तर ते अधिक उपयोगी पडते, कारण ते विशिष्ट गावांशी बांधलेले असते.

प्रसिद्ध उदाहरणे व कायदेशीर महत्त्व

मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांच्या वडिलांचे मूळ गाव बिहारमधील हरिगाव हे होते. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष राजकेश्वर परयाग यांनी जानेवारी २०१३ मध्ये पाटण्याजवळील वाजिदपूर या आपल्या पूर्वजांच्या गावाला भेट दिली. अशी गाजलेली उदाहरणे प्रामुख्याने भोजपुरी भाषक प्रदेशातील आहेत.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या व्यक्तींना 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डासाठी पात्र ठरविणारी विशेष तरतूद जाहीर केली. एरवी ही पात्रता पणजोबा-पणजीपर्यंतच्या नात्यावर अवलंबून असते व मध्य-एकोणिसाव्या शतकात गेलेल्यांचे वंशज तिच्या बाहेर पडत. या तरतुदीमुळे मूळ आप्रवाशापर्यंतची दाखल्यांची अखंड साखळी हा कौटुंबिक जिव्हाळ्याबरोबरच कायदेशीर पात्रतेचाही प्रश्न झाला. एखाद्या दाखल्यावर नाव वेगळ्या प्रकारे लिहिलेले असल्यास ती व्यक्ती तीच आहे हे दाखविण्यासाठी पुन्हा आप्रवासी क्रमांकाचाच आधार घ्यावा लागतो.